गारेगार

श्रेणिक मगदूमला खोटं बोलता येत नसे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. उशीर झाला की बाकीची मुलं बस चुकल्याचं, टायर पंक्चर झाल्याचं खुशाल ठोकून देत. हा आपला "झोप लागली होती, सर" म्हणून मोकळा. अशा मुलाने एकदाच एका मुलीला मनातलं सांगितलं, आणि तिने ते खोटं ठरवलं. तेही पुराव्यानिशी. मुलीचं नाव केतकी शेटे, आणि पुरावा होता नाडीपट्टीचा.

आता नाडीपट्टी घरोघरी झाली आहे, पण तेव्हा ती नव्याची नवलाई होती. तिच्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. हृदयाचा एक ठोका पडला की रक्ताची एक लाट अंगभर जाते, तशी ती चेहऱ्यावरही येते. लाट आली की कातडीखालच्या बारीक वाहिन्या भरतात, चेहरा थोडा अधिक प्रकाश शोषून घेतो आणि केसभर गडद होतो. लाट ओसरली की पुन्हा उजळतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा, जन्मभर हे चालू असतं, पण आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं. एकामागून एक येणाऱ्या फ्रेमांमधला हा केसभराचा फरक संगणकाने शेकडो पटींनी मोठा केला, की माणसाच्या अंगाला हातही न लावता त्याची नाडी मोजता येते.

हे तंत्र आधी दवाखान्यात आलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वायरी चिकटवाव्या लागू नयेत म्हणून. तोवर सगळं चांगलं होतं. मग ते फोनमध्ये आलं आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. कुठल्याही चित्राखाली एक हिरवी रेघ धावू लागली आणि रेघेच्या टोकाशी आकडा. लोक नेत्यांची भाषणं सोडून त्यांच्या पट्ट्या बघू लागले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बशीशेजारी फोन उभा करायची पद्धत पडली. मुलगी बघून मुलाची नाडी चढली नाही म्हणून ठरत आलेली लग्नं मोडली, आणि मग शहाणी मुलं दोन जिने पळत चढून धापा टाकतच पोह्यांसमोर येऊन बसू लागली.

सिनेमावाल्यांनाही हे हवंच होतं. खोटं रडणं आता चालेना. स्पर्धांच्या नियमांत एक ओळ वाढली, की चित्रफितीसोबत नाडीपट्टी जोडणं सक्तीचं. सांगलीच्या त्या कॉलेजात माध्यम विभागाचे बेडगे सर तर वर्गात येताच म्हणत, "ज्याची नाडी खोटी, त्याची फिल्म खोटी."

शेवटच्या वर्षाला जोडीजोडीने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा असे. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि केतकीच्या वाट्याला श्रेणिक आला. चिठ्ठी उघडताना तिने चेहरा असा ठेवला होता की जणू कुणीही आलं तरी चालेल. मनातून मात्र ती तीन वर्षं याच चिठ्ठीची वाट बघत होती. तो तिला आवडत असे, अगदी पहिल्या वर्षापासून. त्याचं हळू बोलणं आवडे, पेटीवर चाल शोधताना खालचा ओठ दाताखाली धरणं आवडे, आणि कुणी चिडवलं तर उलट उत्तर न देता त्याने हसणं तर फारच आवडे. त्याच्या मनात काय आहे ते मात्र तिला कधी कळलं नव्हतं. विचारायचा धीर होत नव्हता. आता विचारायची गरजच नाही, असं तिला वाटलं. कॅमेरा सांगेल.

कामाची वाटणी आपोआप झाली. तिला शब्द सुचत, त्याला चाल. गाणार तो, चित्रीकरण आणि संकलन तिचं, आणि नायिका म्हणून उभं राहायला दुसरी कोण मिळणार, म्हणून नायिकाही तीच. कॅन्टीनमध्ये भडंगाचा पुडा दोघांत उघडून त्यांचं नियोजन चाले. पुडा संपला की त्याच कागदावर केतकी चौकटी काढी आणि चौकटींत काड्यांची माणसं.

"हा मी?" श्रेणिक विचारी.

"तूच की."

"माझं डोकं एवढं मोठं हाय?"

"आत काही नाही, म्हणून बाहेरून मोठं काढलंय."

गाणं तिने एका दुपारी लिहिलं. त्यातल्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

*तुझ्या अंगणी मी उन्हासारखी
येते, टेकते, उठून जाते.*

"शेवटी ती जाते कशाला?" त्याने विचारलं.

"ऊन आहे ते. राहील कसं?"

दुसऱ्या दिवशी तो अशी चाल घेऊन आला की 'जाते'वर सूर खाली न येता वरच थांबत होता. जाणारी जाता जाता दारात घोटाळावी तसा. केतकीने ते ऐकलं आणि तिला रडू आलं. तिने ते भडंगातल्या मिरचीवर ढकललं.

जागा श्रेणिकनेच सुचवली. हरिपूरला त्याच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, हळदीची वखार होती. मागच्या खोलीत हळद पॉलिश करायचं पिंप फिरे आणि त्याची पिवळी धूळ सगळ्या वखारीत तरंगत असे. छपराच्या काचेतून सकाळचं ऊन आत आलं की ते ऊन हातात धरता येईल असं दिसे.

"पण अकराला सरांचं लेक्चर आहे की," केतकी म्हणाली. "नाडीपट्टीचंच आहे. कशी काढायची, नियम काय, सगळं."

"असू दे की. सर वर्षभर तेच सांगणार हाईत. वखारीतलं ऊन बारानंतर राहत नाही."

त्या दिवशी लेक्चर बुडवून दोघं त्याच्या गाडीवरून हरिपूरला गेली. दुसऱ्या दिवशी केतकीने वर्गातल्या एकीला विचारलं, काल सरांनी काय सांगितलं? ती म्हणाली, "काही विशेष नाही गं. चेहऱ्यावर उजेड सारखा ठेवायचा, मेकअप जाड नको, बाकी यंत्र बघतं." केतकीला तेवढं पुरेसं वाटलं.

चित्रीकरणाचा दिवस तिला पुढे जन्मभर पुरणार होता. गाणं संथ, स्वप्नातल्यासारखं दिसायला हवं होतं, आणि त्याची एक जुनी युक्ती आहे. एरवी कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेमा घेतो. त्याला पन्नास घ्यायला लावायच्या, आणि नंतर त्या पंचवीसच्या चालीने दाखवायच्या. एका सेकंदाचे दोन होतात. केस हळू उडतात, धूळ हळू उतरते, पापणीही सावकाश मिटते. भानगड एवढीच, की गाणाऱ्याचे ओठ मग गाण्याशी जुळत नाहीत. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावायचं आणि गाणाऱ्याने त्या वेगाने ओठ हलवायचे.

तर वखारीत स्पीकरवर श्रेणिकचं ते हळवं गाणं उंदराने गावं तसं चिरचिरत सुटलं, आणि तो पोत्यांच्या थप्पीला टेकून, चेहरा विरहाचा ठेवून, फटाफट ओठ हलवत होता. केतकीला हसू आवरेना. हमाल काम सोडून बघायला आले. आप्पा आतून म्हणाले, "अरे, ह्या पोराला काय चावलंय काय?" मग तोही हसू लागला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

शेवटचा शॉट बिनगाण्याचा होता. नायक नायिकेकडे नुसता बघतो, एवढंच. स्पीकर बंद केला. पिंपही थांबवलं.

"लेन्सकडे नको बघू," केतकी कॅमेऱ्याला चिकटून उभी राहिली. "माझ्याकडे बघ. काही करू नकोस. नुसता बघ."

त्याने बघितलं. वखारीत कसलाही आवाज नव्हता. पिवळी धूळ दोघांच्या मधून खाली उतरत होती. तो हलला नाही, हसला नाही, आणि 'कट' म्हणायचं केतकी विसरली. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "झालं का?"

मग तिचा शॉट. कार्ड भरत आलं होतं, आणि पन्नास फ्रेमा म्हणजे जागाही दुप्पट लागते. म्हणून तिचा शॉट तिने साध्याच वेगाने घ्यायला सांगितला. कॅमेऱ्यामागे तो उभा राहिला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला अभिनय करावाच लागला नाही.

त्या संध्याकाळी घरी तिच्या भुवयांना हळद लागलेली बघून आई म्हणाली, "काय गं, आम्हाला न सांगताच?" केतकी उशीत तोंड खुपसून हसत बसली.

विभागाच्या संगणकावर तिने दोन दिवस संकलन केलं. आधी शॉट जोडले, पन्नास फ्रेमांचे होते तेवढे संथ करून घेतले, गाणं बसवलं, आणि पुरी झालेली फिल्म बाहेर काढून ती नाडीच्या प्रोग्रामात घातली. हिरवी रेघ धावू लागली.

तिची नाडी एकशे बारा. डोंगर चढावा तशी रेघ वर वर जात होती. केतकीला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आता त्याचा शॉट आला. तेच डोळे, तीच धूळ. रेघ आडवी. अठ्ठावन्न.

तिने पुन्हा लावून बघितलं. अठ्ठावन्न. दुपारचं जेवण झाल्यावर आरामखुर्चीत पडलेल्या माणसाची असते तेवढी. ती समोर उभी होती, तिचा जीव वर-खाली होत होता, आणि तिच्याकडे बघणारा हा माणूस आतून पेंगत होता. एवढं कसं कळलं नाही आपल्याला, असं म्हणून तिने स्वतःचाच राग केला. मग खोलीचा दरवाजा लावून ती रडली.

आणि नशीब असं, की दुसऱ्या दिवशीच श्रेणिक आला. कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर बसला, भडंगाचा पुडा मधे ठेवला आणि तो उघडायचंच विसरला.

"केतकी, एक सांगायचं होतं."

"बोल की."

"मला तू आवडतेस. गाण्यापुरतं नव्हं." त्याने एकदम सगळं बोलून टाकलं. "कधीपासून ते विचारू नको, माझं मलाच ठाऊक नाही. पण त्या दिवशी वखारीत मला कळलं. आता नाही बोललो तर कधीच जमणार नाही, म्हणून आलो."

तीन वर्षं ती याच शब्दांची वाट बघत होती. आदल्या दिवशी ते आले असते तर ती त्याच कट्ट्यावर नाचली असती. आता तिला वाटलं, याला आपली नाडी कुठून तरी कळली आणि ही दया चालली आहे. दयेसारखं झोंबणारं दुसरं काही नसतं.

"ये," ती उठली. "दाखवते तुला."

तिने त्याला संगणकासमोर बसवलं. त्याने आधी तिची रेघ बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. मग स्वतःची बघितली.

"हा मी?"

"तूच की."

"पण..." त्याने छातीवर हात ठेवला. "इथं इतकं वाजत होतं, केतकी. मला भीती वाटत होती तुला ऐकू जाईल म्हणून."

"ते वाटणं झालं, श्रेणिक. हे मोजणं आहे."

तो कितीतरी वेळ त्या आडव्या रेघेकडे बघत राहिला. तो भांडेल, चिडेल, यंत्राला शिव्या देईल, असं केतकीला वाटलं होतं. खरं तर तिला तेच हवं होतं. त्याने एकदा जरी म्हटलं असतं की हे यंत्र गेलं खड्ड्यात, तर तिने ते मानलं असतं. पण खोटं न बोलणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. समोर पुरावा आला की त्याला स्वतःचाच संशय येतो.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" तो अखेर म्हणाला. "म्हणजे मीच खोटा असणार. मला नुसतंच वाटलं असेल. माफ कर हं, केतकी."

आणि तो गेला. पुडा कट्ट्यावर तसाच राहिला.

फिल्म विभागाच्या सभागृहात दाखवली गेली, पट्टीसकट. केतकीचा शॉट आला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. श्रेणिकचा आला, रेघ आडवी झाली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "गारेगार!" सगळं सभागृह हसलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला की मुलगी अस्सल, मुलगा थंड. मूळ फुटेज बघायला मागावं असं कुणालाच सुचलं नाही. श्रेणिकही सगळ्यांबरोबर हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव गारेगार पडलं, आणि ते बर्फाच्या कांडीसारखं विरघळलं मात्र नाही.

परीक्षा झाली. तो हरिपूरला वखारीत बसू लागला, ती पुण्याला माहितीपट करणाऱ्या एका संस्थेत लागली. नाडीपट्टीच्या कामाला तिने कधी हात लावला नाही. कुणी दिलं तरी दुसऱ्याकडे सरकवी. एकदा आईने फोनवर बातमी दिली.

"तुझ्या वर्गातला तो मगदूमांचा श्रेणिक, त्याचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी विचारलं म्हणे, पट्टी लावू का? तर म्हणतो, कशाला, मीच सांगतो. माझी नाडी कुणासाठी चढत नाही. मी जरा गारच माणूस आहे. पण नीट वागवेन, एवढा शब्द देतो. आणि त्या पोरीने होकार दिला बघ! कमाल आहे की नाही?"

"आहे," केतकी म्हणाली. लग्नाला ती गेली नाही.

आठ वर्षं अशी गेली. तिने लग्न केलं नाही. कारण विचारलं की कामाचं नाव सांगे. मग एकदा संस्थेतली सहकारी आजारी पडली आणि एका लग्नाच्या फिल्मचं अर्धवट काम केतकीच्या गळ्यात आलं. लग्नातही आता पट्टी लागे. नवरी आईच्या गळ्यात पडून रडते, तो प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी टिपला होता, एक साध्या वेगाने, एक संथ. घाईत केतकीने आधी फिल्म जोडली आणि जोडलेलीच प्रोग्रामात घातली, जशी पूर्वी एकदा घातली होती. संथ शॉटमध्ये नवरीची नाडी आली शेहेचाळीस.

ढसाढसा रडणाऱ्या मुलीची? केतकी हसली. मग तिने त्याच क्षणाचा दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट लावला. ब्याण्णव.

शेहेचाळीस दुणे ब्याण्णव. तिने दोन्ही शॉटचे वेग तपासले. एक पन्नासचा, एक पंचवीसचा.

यंत्राला घड्याळ नसतं, फ्रेमा असतात. पंचवीस फ्रेमा झाल्या की एक सेकंद झाला, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. पन्नासने टिपलेलं चित्र पंचवीसवर उलगडलं, की एका सेकंदाचे दोन होतात. केस हळू उडतात, धूळ हळू उतरते, आणि हृदयही अर्ध्यानेच वाजतं. म्हणून नाडी नेहमी मूळ फुटेजवर काढायची. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. बेडगे सरांनीही पहिल्याच लेक्चरला सांगितली असणार, अकरा वाजता, ती दोघं हरिपूरच्या उन्हात उभी होती तेव्हा.

घरी येऊन तिने जुनी ड्राइव्ह शोधली. मूळ शॉट लावला, साध्या वेगाने. तिचाच जुना आवाज आला, "माझ्याकडे बघ. काही करू नकोस." आणि रेघ उठली. नव्वद, शंभर, एकशे सोळा. तो तोंडाने काही बोलत नव्हता, आणि आतून असा धावत होता. केतकीने ते पुन्हा लावलं नाही. ती जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. शेजारच्या बाई दार वाजवून गेल्या तरी तिने उघडलं नाही.

जावं की नाही, याचा तिने आठवडाभर काथ्याकूट केला. त्याचा संसार आहे, मुलगी आहे, हे तिला ठाऊक होतं. पण एक माणूस तिच्या सांगण्यावरून स्वतःला दगड समजून जगत होता. त्याला खरं सांगणं तिचं काम होतं. एवढं कारण पुरेसं होतं, आणि तिने ते स्वतःला दहा वेळा ऐकवलंही. त्याच्या तळाशी एक दुसरी आशा बसली होती, लाजिरवाणी, तरीही बसली होती. साडी नेसताना केतकीने दोनदा बदलली, त्यावरून तिचं तिलाच ते कळलं.

वखार तशीच होती. श्रेणिक थोडा सुटला होता, कानशिलावर केस पिकले होते. तिला बघून तो मनापासून हसला. कोपऱ्यात हळदीचं रिकामं पोतं पांघरलेली पेटी होती आणि चारेक वर्षांची त्याची मुलगी इरा पोत्याखाली हात घालून तिच्या पट्ट्या दाबत होती. भाता कुणी हलवत नव्हतं, त्यामुळे आवाज येत नव्हता. मागच्या घरातून त्याची बायको त्रिशला चहा घेऊन आली.

"ताई, तुमचं गाणं मी बघितलंय," ती कप पुढे करत म्हणाली. "हे बघू देत नाहीत, पण मी बघितलंय. ह्यांना त्यात गारेगार का म्हणतात तेच मला कळत नाही. डोळे बघा की ह्यांचे."

केतकीने कप घेतला, पण ओठाला लावला नाही. तिने तो पोत्यावर ठेवला. आठ वर्षांत तिला जे मोजता आलं नाही, ते या बाईने नुसतं बघून सांगितलं होतं. त्रिशला इराला कडेवर घेऊन आत गेली.

मग केतकीने सगळं सांगितलं. फ्रेमांचं, वेगाचं, बुडवलेल्या लेक्चरचं. फोन पुढे धरून मूळ शॉट दाखवला. एकशे सोळा.

"म्हणजे वाजत होतं," श्रेणिक हळू म्हणाला.

"वाजत होतं."

"मी खरं बोललो होतो."

"अक्षरन् अक्षर. चूक माझी होती, श्रेणिक. तू समोर उभा होतास आणि मी रेघेवर विश्वास ठेवला." तिने फोन खाली ठेवला. "मलाही तू हवा होतास रे. तेव्हाही आणि..."

पुढचं तिने गिळलं. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. छपरातून तसंच ऊन येत होतं, मधे तशीच धूळ उतरत होती.

"मग इराच्या वेळी..." तो म्हणाला.

तिला कळलं नाही.

"इरा झाली तेव्हा त्रिशलाचं लई अवघड झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आशा सोडा. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. छाती अशी धडधडत होती, की आता मीच जातोय असं वाटलं. आणि मी काय करत होतो माहितीये? स्वतःला सांगत होतो, हे खरं नव्हं. तुला असलं काही होत नाही, तू गार हाईस, तुला नुसतं वाटतंय. ती शुद्धीवर आली. पहिलं काय विचारलं, तर घाबरला होता का? मी म्हटलं, नाही." तो उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "खोटं नको बोलायला म्हणून 'नाही' म्हटलं मी तिला, केतकी. चार वर्षं झाली. ती अजून तेच धरून बसलीय."

"श्रेणिक..."

"ते खरं होतं की गं. ते सगळं खरंच होतं!"

तिच्या खांद्यावर त्याने क्षणभर हात ठेवला, जड आणि कृतज्ञ. आणि मग वखारीतून मागच्या घराकडे तो जवळजवळ पळतच गेला. "त्रिशला! अगं त्रिशला, जरा इकडे ये!"

केतकी पोत्यावर बसून राहिली. ती त्याचं मन त्याला परत द्यायला आली होती, आणि त्याने ते घेऊन जिथे न्यायला हवं तिथेच नेलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच ते सोसवत नव्हतं. तिला हुंदका आला. तिने पदर तोंडाशी धरला, उठली आणि चहाचा भरला कप तसाच ठेवून दाराकडे निघाली.

आतून त्याचा आवाज येत होता. "घाबरलो होतो गं मी. त्या दिवशी लई घाबरलो होतो. तू गेलीस तर माझं काय, एवढंच..." पुढचे शब्द रडण्यात बुडाले. त्यावर त्रिशला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते उन्हात पोचलेल्या केतकीला नीट ऐकू आलं नाही, पण त्रिशलाने पुरावा मागितला नाही, एवढं नक्की.